लाँसलोचं चिलखत, बोहाड्याचा मुखवटा

मुरबाड तालुक्यातल्या म्हसा गावी पौष पौर्णिमेला म्हसोबाची यात्रा भरते, आणि यात्रेबरोबर गुरांचा बाजार. बैल घ्यायला आलेला शेतकरी दात बघतोच, पण जनावर चार पावलं चालवून दाखवायला सांगतो तेव्हा त्याची नजर खाली असते. खूर कसा पडतो, कुठला पाय ओढतो. शिंगांचा रंग आणि गळ्यातल्या माळा हौशी लोकांसाठी. ही नजर ज्याच्याकडे आहे, त्याला रोबेर ब्रेसाँचा ‘लाँसलो द्यु लाक’ हा सिनेमा मुंबईतल्या पुष्कळ सिनेरसिकांपेक्षा लवकर कळेल.

१९७४ सालच्या या फ्रेंच सिनेमात सरदारांच्या भाल्यांच्या झुंजीचा, म्हणजे घोड्यावरून एकमेकांना भाल्याने लोळवण्याचा, एक सामना आहे. दुसऱ्या कुठल्याही दिग्दर्शकाने तिथे हजार माणसं आणि दहा कॅमेरे लावले असते. ब्रेसाँ घोड्यांचे पाय दाखवतो. बॅगपाइप वाजतं, निशाण वर चढतं, पाय दौडतात, भाला ढालीवर आदळतो, कुणीतरी धाडकन पडतं. पुन्हा बॅगपाइप, पुन्हा निशाण, पुन्हा पाय. विजेता शिरस्त्राणाची झडप पाडून, ओळख लपवून आलेला असतो. प्रेक्षकांत बसलेला सरदार गोवँ मात्र एकच नाव घेतो: लाँसलो.

गोष्ट जुनी, राजा आर्थर आणि त्याच्या गोलमेजेच्या सरदारांची. बाराव्या शतकात क्रेतियँ द त्र्वाने राणी आणि लाँसलो यांचं प्रेम काव्यात आणलं. तेराव्या शतकातल्या फ्रेंच गद्यकथांनी ते राज्य बुडेपर्यंत नेलं. ब्रेसाँने शेवटचा तुकडा उचलला. पवित्र पात्राच्या शोधाला गेलेले सरदार हात हलवत परततात, बरेचसे परततच नाहीत. उरलेल्यांत संशय आणि गटबाजी. जादू नाही, जादूगार मर्लिन नाही, ते पात्र पडद्यावर दिसतसुद्धा नाही. सुरुवातीलाच जंगलात मुंडकं उडतं आणि नळ सुटल्यासारखं रक्त वाहतं, तेही कोणी न ओरडता.

यावर नेहमीची तक्रार ठरलेली: नट लाकडासारखे उभे राहतात. तक्रार खरी आहे. ब्रेसाँ व्यावसायिक नट घेतच नसे. लाँसलो झालेला ल्युक सिमाँ मुळात चित्रकार. आपल्या माणसांना ब्रेसाँ ‘मॉडेल’ म्हणायचा आणि संवादातला अभिनय काढून टाकायचा.

पण लाकडी चेहऱ्याचं वावडं आपल्याला कधीपासून झालं? ठाणे-पालघर-नाशिकच्या डोंगरपट्ट्यात उन्हाळ्याच्या तोंडावर बोहाडा होतो. संबळ आणि सनई वाजते, आणि एकेक सोंग नाचत पुढे येतं: गणपती, रावण, नरसिंह. मुखवटा लाकडाचा नाहीतर कागदाच्या लगद्याचा. त्याची भुवईसुद्धा हलत नाही. हलतात खांदे, गुडघे, पावलं. समोरचं पोर तरीही घाबरून आईच्या पदरात शिरतं. आणि मुखवट्याआड कोण आहे, हे गावाला चालीवरून कळतं, जसं गोवँला लाँसलो कळतो. एवढी तयारी असलेल्या प्रेक्षकाला ब्रेसाँ जड जाईल, असं आपण कशावरून धरून चालतो?

ब्रेसाँ आपल्याला अगदी परकाही नाही. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेले कुमार शहानी फ्रान्सला गेले आणि १९६९च्या ‘युन फाम दूस’वर त्याच्या हाताखाली राहिले. मणी कौल यांच्यावरही त्याचा खोल ठसा होता. लाँसलोच्या आदल्याच वर्षी, १९७३ साली, कौल यांनी विजयदान देथांच्या राजस्थानी लोककथेवर ‘दुविधा’ केला. नवऱ्याचं रूप घेऊन आलेलं भूत, पण भीतीचे आवाज नाहीत; नुसती पांढरी भिंत, लाल ओढणी आणि स्थिर चेहरे. त्यांच्याच ‘आषाढ का एक दिन’मध्ये कालिदास झालेले अरुण खोपकर पुढे मराठीत सिनेमावर लिहीत राहिले, ही आपली आणखी एक मिळकत.

लाँसलोची गोष्टही आपल्याला परकी नाही. शहापूरजवळ माहुलीचा गड आहे. १६३६ साली शहाजीराजांनी निजामशाहीच्या अल्पवयीन वारसाला घेऊन इथेच अखेरचा तग धरला. मोगल आणि आदिलशाही फौजांच्या वेढ्यापुढे तो मुलगा त्यांच्या हवाली करावा लागला. म्हणजे बुडणारं राज्य, थकलेले सरदार आणि वेढा, सगळं घरचंच. यावर आज मराठी सिनेमा निघाला तर गर्जना, ढोल आणि संथ गतीतल्या तलवारी यांतच दोन तास जातील. ब्रेसाँने कदाचित दिंडी दरवाजाचा अडसर दाखवला असता, आणि पोराचा सुटलेला हात.

त्याच्या सिनेमाचा शेवट असाच आहे. जंगलातून एक घोडा पळत जातो, पाठीवर स्वार नाही. झाडांवर धनुर्धर बसलेले. खाली चिलखतांचा ढीग, त्यात राजाही. लाँसलो राणीचं नाव घेतो आणि त्याच ढिगावर कोसळतो. भंगाराच्या दुकानात पत्रा पडावा तसा आवाज होतो.

सिनेमा ८५ मिनिटांचा आहे, आसनगावहून सीएसएमटीला जाणाऱ्या लोकलमध्ये बसल्या बसल्या संपेल. पण कल्याणच्या गर्दीत तो पत्र्याचा आवाज ऐकू येणार नाही. रात्री घरी, हेडफोन लावून पाहा.