शांतता ज्याच्या त्याच्या खर्चाने

सोनी की बोस? आमच्या टीममध्ये कुणाचा बोनस झाला की हा वाद सुरू होतो. दोन्ही गट एक गोष्ट गृहीत धरतात: ३०-३५ हजार मोजले की शांतता मिळते.

नाही मिळत. हे हेडफोन बाहेरचा आवाज माइकने टिपतात आणि त्याची उलटी लाट कानात सोडतात. खालच्या पट्टीतल्या, एकसुरी घरघरीवर हे झकास चालतं. १०० हर्ट्झची लाट सुमारे साडेतीन मीटर लांब, तिला गाठणं सोपं. १००० हर्ट्झची जेमतेम ३४ सेंटिमीटर. तिथे जुळणी जराशी चुकली की संपलं, मग जे काही अडवायचं ते कानावरच्या गादीने. अमर बोस यांना असे हेडफोन करायचं सुचलं १९७८ साली, तेही विमानात. आपण मात्र ते घालतो ओपन ऑफिसात, जिथे शेजारच्या टीमचा स्टँडअप स्पीकरवर चालू असतो. माणसांचं बोलणं, हसणं, खाली रस्त्यावरचे हॉर्न. नेमकं हेच आत झिरपतं.

विमानाने किंवा रात्रीच्या एसी बसने सतत प्रवास असेल तर जरूर घ्या. पण वजन बघा: सोनीचा एक्सएम५ सुमारे २५० ग्रॅम, अॅपलचा एअरपॉड्स मॅक्स साधारण ३८५, दोन तासांनी मान बोलायला लागते. एक्सएम५ची घडी होत नाही, एक्सएम६ची होते. सॅक भरताना हा फरक कळतो. आणि चष्मा असेल तर चष्म्यासकट घालून बघा. काडीपाशी राहिलेल्या फटीतून निम्मे पैसे वाया जातात. (हे यूट्यूबवाले सांगत नाहीत. त्यांना चष्मा नसावा.)

पण ऑफिससाठी? का म्हणून? गोंगाटाची तक्रार केली तर आमची एचआर म्हणते, "अरे, हेडफोन लाव ना!" खुर्ची कंपनीची, लॅपटॉप कंपनीचा, शांतता मात्र माझ्या पगारातून. जागेचं भाडं वाचावं म्हणून भिंती यांनी पाडायच्या आणि त्याच भिंती आम्ही ईएमआयवर विकत घेऊन कानांना लावायच्या. वर कोण कुठला हेडफोन घालतो यावरून ऐटही मारायची!

कॉलसाठी दार असलेल्या दोन खोल्या आणि स्पीकरफोनला बंदी, एवढं मागा. टीमने मिळून मागा, एकट्याचा मेल कुणी वाचत नाही. तोवर हेडफोनचं बिल रिइम्बर्समेंटला लावा. माझं गेले तीन महिने 'अंडर रिव्ह्यू' आहे, आणि दर सोमवारी मी त्यावर रिमाइंडर टाकतो.