रांगोळीचं व्याकरण

रांगोळीची पुस्तकं चित्रांची वर्गवारी अनेकदा विषयावरून करतात: कमळ, मोर, दिवा, स्वस्तिक. चित्र घडतं कसं, हे त्यातून कळत नाही.

तांबरमच्या मद्रास ख्रिश्चन कॉलेजातल्या गिफ्ट आणि राणी सिरोमनी या दांपत्यानं कमला कृतिवासन यांच्यासह १९७४ मध्ये कोलमसाठी, म्हणजे तमिळ रांगोळीसाठी, वेगळी वर्गवारी मांडली, ती नियमांवरून. भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांनी भाषेसाठी मांडलेल्या व्याकरणांच्या पायऱ्या त्यांनी चित्रांना लावल्या. भाषेत एका चिन्हाच्या जागी चिन्हांची ओळ येते, इथे आडवी-उभी जाळी येते.

यातली खरी मेख अशी की, एकट्या चित्राचा वर्ग ठरत नाही, ठरतो तो त्याच्या कुळाचा. पाच ठिपक्यांची नक्षी सातांची, नवांची, हवी तेवढी मोठी कशी होते, ते पाहायचं. तोच तुकडा शेजारी ठेवत गेलं की काम भागत असेल, तर कूळ साधं, ‘नियमित’. मधल्या रेघेच्या डावीकडे जितकी घरं वाढतील तितकीच उजवीकडे वाढायला हवीत, तर एका बाजूला दुसरीचा हिशेब ठेवावा लागतो. तिथे ‘संदर्भमुक्त’ व्याकरण लागतं. तीन भागांची वाढ एकमेकांशी जुळवायची असेल, तर त्याहून वरची, ‘संदर्भसापेक्ष’ पायरी. डोळ्याला सारख्या वाटणाऱ्या दोन नक्ष्यांची कुळं म्हणूनच वेगळ्या वर्गात पडू शकतात.

 

दारात कोलम काढणारी बाई हे नियम हातानं पाळत असते. तिच्या या ज्ञानाला गणिताच्या शोधनिबंधात जागा मिळाली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीकडे मात्र आपण अजून पूर्ण झालेलं चित्र म्हणूनच पाहतो. स्पर्धा होतात, फोटो निघतात, फोनमध्ये साठतात. कोणती रेघ आधी, ठिपक्यांची ओळ कुठे वाढते, कुठे घटते, याची नोंद सहसा कुणी ठेवत नाही. फोटोत नियम दिसत नाही.

तेव्हा या दिवाळीत फोटो काढाच, पण काढणारीला एवढंही विचारा: हीच रांगोळी सातऐवजी अकरा ठिपक्यांची करायची, तर काय काय बदलेल? तिचं उत्तर तिच्याच शब्दांत लिहून ठेवा.