पेंटेकॉस्ट : एका भाषेचा नव्हे, अनेक भाषांचा सण

१/ ईस्टरपासून मोजलेला पन्नासावा दिवस म्हणजे पेंटेकॉस्ट. त्या दिवशी कॅथलिक धर्मगुरू लाल वस्त्रे परिधान करतात. मग हिरव्या रंगाचा ‘सामान्य काळ’ सुरू होतो. या सणाला चर्चचा जन्मदिवस म्हणतात. माझ्या मते तो त्याआधी भाषेचा सण आहे.

२/ ‘प्रेषितांची कृत्ये’, अध्याय २. यरुशलेमेत पार्थी, मेदी, मिसरी, रोमी, अरब असे नाना देशींचे लोक जमले आहेत. चमत्कार कोणता? सर्वांना एकच भाषा कळू लागली, हा नव्हे. प्रत्येकाला आपापल्या भाषेत ऐकू आले, हा.

३/ लॅटिन ही चर्चची मूळ भाषा, हा समज चुकीचा आहे. रोममधील उपासना आरंभी ग्रीकमध्ये होत असे. चौथ्या शतकात तिथे लॅटिन रुजली, कारण लोक लॅटिन बोलत. लोकभाषा म्हणून आलेली ही भाषा पुढे लोकांनाच अनाकलनीय झाली.

४/ आता गोव्याकडे येऊ. १५७९ मध्ये आलेले इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स यांनी ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. कथा मराठीत आली, मिस्सा मात्र लॅटिनमध्येच राहिली.

५/ १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढले : स्थानिकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. पेंटेकॉस्टच्या कथेचा याहून विपरीत अर्थ कोणता असू शकेल?

६/ पोप तेविसावे जॉन यांनी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेकडून ‘नव्या पेंटेकॉस्ट’ची अपेक्षा केली होती. १९६३ च्या पेंटेकॉस्टनंतर दुसऱ्याच दिवशी, ३ जून रोजी, त्यांचे निधन झाले. ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनाविषयक संविधान २,१४७ विरुद्ध ४ मतांनी संमत झाले आणि लोकभाषांना वाट मिळाली.

७/ या संविधानाने लॅटिन रद्द केली नव्हती. उलट तिचा वापर राखावा, असेच म्हटले होते. तरीही ७ मार्च १९६५ रोजी पोप सहावे पॉल यांनी रोममधील एका चर्चमध्ये इटालियनमध्ये मिस्सा अर्पण केली. दार किलकिले झाले होते. ते लोकांनी सताड उघडले.

८/ आक्षेप असा : लॅटिनमुळे गोव्याचा आणि लिस्बनचा भाविक एकच प्रार्थना करीत होता, ते ऐक्य हरपले. लॅटिन गायनपरंपरेची हानी खरी आहे, ती नाकारू नये. परंतु शब्द सारखे आणि अर्थ कोणालाच नाही, याला ऐक्य कसे म्हणावे?

९/ वसईने या परिवर्तनाचे सोने केले. ‘सुबोध बायबल’कार फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. ख्रिस्ती म्हणजे इंग्रजाळलेला, असे मानणाऱ्यांना याहून वेगळे उत्तर देण्याची गरज नाही.

१०/ पण तिथेच थांबून चालणार नाही. वसईतील सामवेदी कुपारी घरांची बोली कादोडी आहे. उपासनेची मराठी मात्र प्रामुख्याने प्रमाण. लॅटिनच्या जागी आलेली लोकभाषाही एखाद्या बोलीला दाराबाहेर ठेवू शकते. म्हणून दर पेंटेकॉस्टला चर्चने, आणि खरे तर प्रत्येक भाषिक समाजाने, स्वतःला एक प्रश्न विचारावा : आपल्या अंगणात अजून कोणाला स्वतःच्या भाषेत ऐकू येत नाही?