चष्मा, भाकरी आणि बहिणाबाई

आज सकाळी चष्मा हरवला. कळण्याची भाकरी तव्यावर टाकली नि घर पालथं घातलं. यांचा प्रश्न, ‘शेवटचा कुठे ठेवला होतास?’ अहो, ते आठवलं असतं तर हरवला कशाला असता! सापडला पिठाच्या डब्यात.

तोवर भाकरी करपली. ती थापताना एक झकास विचार सुचला होता, तोही निसटला. तो मात्र कुठल्याच डब्यात नाही.

आपल्या जळगावच्या बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. घरात-शेतात काम करताना सुचलेलं मुलानं, सोपानदेवांनी, उतरवून ठेवलं, म्हणून त्यांच्यामागे १९५२ साली पुस्तक निघालं. माझा सोपानदेव धुळ्याला होस्टेलवर. त्याला फोन लावला तर म्हणतो, ‘आई, माझा चार्जर तिथेच राहिलाय का गं?’