तगरच्या वारशाची हेळसांड

इ. स. 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई नगरीत 1938 साली जी हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली आणि जी आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे, तिची सख्खी बहीण शोभावी अशी मूर्ती धाराशिव जिल्ह्यातील तेर गावी मिळाली, हे आपल्यापैकी कितीजणांस ठाऊक आहे? तेर म्हणजेच प्राचीन तगर. तेथून व पैठणहून गाड्यांवर लादलेला माल दुर्गम वाटांनी भडोच बंदरी जात असे, अशी नोंद पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रंथाच्या अनामिक ग्रीक कर्त्याने केली आहे. उलट दिशेने काय आले, त्याची साक्ष कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडलेली समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती देते.

या देवघेवीस 'परकीय प्रभाव' असे नाव देऊन मोकळे होण्याची आपल्या पंडितांची रीत मला मुळीच मान्य नाही. कारण कार्ल्याच्या चैत्यगृहातील स्तंभ बुद्धाच्या उपासनेसाठी दान देऊन त्यांवर आपली नावे प्राकृतात कोरविणारे धेनुकाकट या गावचे यवन, म्हणजे ग्रीक, परके राहिले होते, असे कोणी म्हणावे?

अशा देवघेवीच्या खुणा जपायलाच हव्यात. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जमविलेल्या पुराणवस्तूंतून गावात संग्रहालय उभे राहिले. आता सरकारने तेरच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडांचे नीट रक्षण करावे, आणि शिक्षकांनी आपल्या विद्यार्थ्यांस एकदा तरी तेथे न्यावे, ही माझी आग्रहाची विनंती आहे.