लेचवर्थ : उद्यानात वसलेले नगर

लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकातून केंब्रिजकडे निघालेली जलद गाडी सुमारे अर्ध्या तासात हर्टफर्डशायरमधील लेचवर्थला पोहोचते. रोज सकाळी येथील फलाटावर लंडनला कामाला जाणाऱ्यांची गर्दी असते. खरे तर पोटासाठी लंडनची वाट धरावी लागू नये, घर आणि काम एकाच ठिकाणी असावे, याच हेतूने हे नगर वसविले गेले होते.

त्यामागची कल्पना एबेनेझर हॉवर्ड यांची. हे गृहस्थ वास्तुविशारद नव्हते की धनिक नव्हते. संसदेतील भाषणांचे लघुलेखन करून ते उदरनिर्वाह करीत. १८९८ साली त्यांनी एक लहानसे पुस्तक लिहिले. स्वस्त शेतजमीन एकत्रित विकत घ्यावी, तीवर मर्यादित लोकसंख्येचे नगर उभारावे आणि वस्तीमुळे जमिनीचे जे मोल वाढेल ते सावकाराच्या तिजोरीत न जाता नगरवासीयांकडेच परतावे, असा त्याचा आशय होता. १९०३ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीने सुमारे ३,८०० एकर जमीन घेतली. भागधारकांच्या लाभांशावर पाच टक्क्यांची मर्यादा होती. बॅरी पार्कर आणि रेमंड अन्विन यांनी आराखडा केला. कारखाने एकीकडे, घरे दुसरीकडे आणि भोवती शेतीचा हिरवा पट्टा. जगातील पहिले उद्याननगर ते हेच.

नव्या नगरात नव्या विचारांचे लोक आले, आणि ते विचार स्वयंपाकघरापर्यंत पोहोचले. आहारसुधारकांचे उपाहारगृह निघाले. १९०७ साली उघडलेल्या स्किटल्स इन या पांथगृहात सारे काही होते, फक्त मद्य नव्हते. तेथे गप्पांना सोबत कोको आणि चहाची. थिऑसॉफिस्ट मंडळींनी १९१५ मध्ये सुरू केलेल्या शाळेच्या भोजनगृहात कित्येक दशके मांस शिजले नाही. रहिवाशांनीच मतदानाने घातलेली मद्यविक्रीची बंदी १९५० नंतरच्या दशकापर्यंत टिकली. अर्थात तहानलेले लोक जवळच्या जुन्या खेड्यांतील मद्यगृहे गाठत, हेही सांगितले पाहिजे. शाकाहारी, पायात चपला घालणाऱ्या या मंडळींना पाहायला लंडनकर सुटीच्या दिवशी येत आणि हसून परत जात. शेजारच्या वॉलिंग्टन खेड्यात राहिलेल्या जॉर्ज ऑर्वेल यांनीही आपल्या १९३७ च्या पुस्तकात त्यांची टर उडविली आहे. ज्या आहाराची तेव्हा थट्टा झाली तो आज इंग्लंडच्या कोणत्याही दुकानात सहज मिळतो.

पाहण्यासारखे पुष्कळ आहे, पण भव्य असे नाही. १९०५ च्या प्रदर्शनासाठी दीडशे पौंडांच्या आत बांधलेल्या घरांपैकी अनेक अजून उभी आहेत. १९०९ च्या सुमारास झालेले सॉलरशॉट येथील वाहतूक वर्तुळ ब्रिटनमधील पहिले मानले जाते. स्पिरेला ही स्त्रियांच्या पोषाखाच्या कारखान्याची इमारत राजवाड्यासारखी दिसते. नॉर्टन कॉमनच्या झाडीत काळ्या खारी आढळतात. मुलांना त्याच अधिक आवडतात. पायी फिरणाऱ्यांसाठी नगराभोवती तेरा मैलांहून अधिक लांबीची वाट आहे.

मात्र या नगराची खरी परीक्षा १९६० साली झाली. जमिनीचे भाव चढले होते. बाहेरच्या एका कंपनीने भाग खरेदी करून मूळ कंपनीचा ताबा घेतला. सर्वांच्या हिताची म्हणून राखलेली मिळकत विकली जाण्याची वेळ आली. तेव्हा नगरवासीय आणि स्थानिक परिषद थेट संसदेत गेले. १९६२ च्या स्वतंत्र कायद्याने ती मिळकत सार्वजनिक महामंडळाकडे आली आणि १९९५ मध्ये हेरिटेज फाउंडेशनकडे सोपविली गेली. दुकाने, कारखाने आणि शेतांच्या भाड्याचे उत्पन्न आजही तेथील चित्रपटगृह, संग्रहालय आणि लोकोपयोगी कामांसाठी खर्च होते.

या व्यवस्थेचे बंधनही आहे. घर स्वतःच्या मालकीचे असले तरी त्याच्या दर्शनी बाजूची खिडकी किंवा दार बदलायचे तर फाउंडेशनची संमती लागते. त्यावर कुरकुर करणारे पुष्कळ आहेत. घर विकताना मात्र हेच लोक जुन्या खिडक्यांचे मोल वाजवून घेतात.