लेकीच्या घरचे नव्वद दिवस

लेकीच्या बाळंतपणासाठीं जर्मनीस निघालेल्या आईबापांस आमची एक सूचना आहे. शेंगेन प्रदेशाच्या २९ देशांत मिळून, अल्प मुदतीच्या व्हिसावर, कोणत्याही १८० दिवसांत फार तर ९० दिवस राहतां येतें; आगमनाचा व प्रयाणाचा दिवसही त्यांत धरतात. मध्येंच पॅरिसला जाऊन आल्यानें हिशेब नव्यानें सुरू होत नाहीं. पुष्कळ मंडळी ‘तीन महिने’ धरून तिकिटें काढतात. पण १ जुलै ते ३० सप्टेंबर हे ९२ दिवस होतात! व्हिसावर याहून कमी दिवस लिहिले असल्यास तेवढेच खरे. ऑक्टोबर २०२५ पासून ही मोजणी यंत्रांत होऊं लागली आहे, आणि नातवंडाच्या मायेची सबब यंत्रास ऐकूं येत नाहीं. दोन दिवसांच्या लोभानें पुढच्या खेपेचा व्हिसा नाकारला जाण्याचा संभव असतो. परतीच्या दिवसापुढें पारपत्राची मुदत निदान तीन महिने उरलेली असावी, हें निराळेंच.